चाळीस पोरांचा बर्फ

बाई, मी जिंकले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण असलं काही सांगायला तुमच्याइतकं हक्काचं माणूस अजून सापडलं नाही, म्हणून कागद पुढे ओढलाय. आमच्या अध्यापक विद्यालयातली मुलंमुली पहिला सराव शहरातल्या शाळेत करत नाहीत, खेड्यात करतात. महिनाभर तिथं राहायचं, सोबत तक्ते न्यायचे नाहीत, मोबाइलवरच्या चित्रफिती न्यायच्या नाहीत, झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारं पाठ टाचण तर मुळीच नाही. ही पद्धत ठेवायची की मोडीत काढायची हे ठरवायला परवा समिती आली होती. तीन वर्षं मी त्यासाठी भांडले आणि ती राहिली. नुसती राहिली नाही, पुढच्या वर्षी जिल्ह्यातली बाकीची विद्यालयंही तसंच करणार आहेत. घरी येऊन मी शिरा केला आणि एकटीनं दोन वाट्या खाल्ला.

तुम्हाला माझा तो बर्फ नक्की आठवत असेल. बीडमधली तुमची शाळा, इयत्ता चौथी आणि 'पाण्याच्या अवस्था' हा माझा सराव पाठ. मांजरसुंब्याच्या धाब्यावर हातापाया पडून बर्फाचा खडा मागून घेतलेला, स्टीलच्या डब्यात घालून वरून ओलं गोणपाट गुंडाळलेलं, आणि एसटी नेमकी त्याच दिवशी घाटात पंक्चर. मी वर्गात उभी आहे. मागच्या बाकावर आमचे प्राध्यापक वही उघडून बसलेत, खिडकीशी तुम्ही. डबा उघडते तर आत निव्वळ पाणी. पण टाचणात पुढचा प्रश्न लिहिलेला असतो, 'मुलांनो, हे काय आहे?' आणि मी डबा पुढे धरून तो विचारते. चाळीस पोरं एका सुरात म्हणतात, बर्फ. तो कसा आहे? घट्ट. डब्यात पाणी हिंदकळतंय आणि पोरं घट्ट म्हणतायत. प्राध्यापकांनी डब्यात डोकावूनही पाहिलं नाही. 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम' असा शेरा लिहून ते चहाला गेले. माझं घोडं गंगेत न्हालं.

वर्ग रिकामा झाल्यावर तुम्ही मला तोच डबा उघडायला लावलात, त्यात हात घालायला सांगितलंत आणि विचारलंत, "हे काय हाय?" मी म्हणाले, पाणी. "मंग पोरं बर्फ कावून म्हणली?" आवाज न चढवता तुम्ही म्हणालात, "ह्या साली बर्फ आणणारी तू सातवी. पोरांना आता डबा बघायचीबी गरज न्हाई. ती तुमचा पाठ शिकलीत, पाणी न्हाई शिकली." आणि पाठवहीवर सही केली नाहीत. वर्गशिक्षिकेची सही नाही म्हणजे पाठ धरणार नाही, पाठ नाही म्हणजे प्रमाणपत्र नाही. इकडे वडिलांनी विहारात सगळ्यांना सांगून ठेवलेलं, पोरगी मास्तरीण होणार. मी रडले तर तुम्ही तुमचा जेवणाचा डबा सोडून अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे सरकवलात. मग सांगितलंत की धारूरच्या डोंगरात तुमची पहिली नेमणूक झाली ती शाळा अजून आहे, तिथं आठ दिवस जा, रिकाम्या हातानं जा, तिथं जे असेल त्यावर शिकव. तुम्हाला मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहत मी गेले. आज सांगायला हरकत नाही.

पहिला दिवस पार आपटला. मी पाठ केलेले प्रश्न विचारत होते आणि पोरं माझ्याकडे नुसती बघत होती, कारण तिथं त्यांना कुणी उत्तरं शिकवूनच ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी हात टेकले आणि म्हटलं, पाट्या तरी पुसा. ओल्या पाट्या उन्हात ठेवल्या, बघता बघता वाळल्या. मी सहज विचारलं, पाणी कुठं गेलं? टाचणाबाहेरचा माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रश्न. एक जण म्हणाला, पाटीनं पिलं. दुसऱ्यानं त्याला वेड्यात काढलं आणि धावत जाऊन स्टीलचं ताट ओलं करून आणलं. ताटही वाळलं, तेव्हा भांडणच जुंपलं. जेवायची सुट्टी झाली तरी कुणी उठेना. तिसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगी मला दारातच गाठते. काल तिच्या आईनं पांघरायची जाड वाकळ धुतली होती. ती म्हणते, "बाई, वल्ली वाकळ दोघींना उचलंना. वाळल्यावर मी एकटीनं आणली. तिनं पाणी पिलं असतं तर जडच राहिली असती. पाणी निघून गेलंय." बाई, हे मी तिला शिकवलं नव्हतं, पण मी तिथं होते म्हणून ते तिला सुचलं होतं. मास्तरीण होणं म्हणजे काय ते मला त्या दारात समजलं. परत आले तेव्हा तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत आणि सही केलीत.

आता परवाचं ऐका. परळीकडचं एक गाव, शेजारी वीटभट्ट्या. आमची एक विद्यार्थिनी दिशा आणि वारा शिकवत होती. हिला खेड्यात महिनाभर पाठवायला हिच्या आईला मी चार चकरा मारून राजी केलं होतं. समितीचे तिघे मागे बसलेले, त्यांच्यात अध्यक्ष सगळ्यात वयस्कर. आमच्या पोरीनं फळ्यावर भट्टी काढली, पश्चिमेकडून येणारा वारा काढला आणि राख झाडाच्या कोणत्या बाजूला बसेल असं विचारलं. मागून एक पोरगं उठलं. "मॅडम, तुमचं चुकलं. तसं पावसाळ्यात असतंय. आता वारं फिरलंय, आमी मागली खिडकी लावून घेतलीय." अध्यक्षांचं पेन थांबलं. माझ्या तीन वर्षांचा निकाल आता त्या पोरीच्या तोंडी होता, आणि तिच्या वयाची मी असते तर त्याला खाली बसवून पुढचा प्रश्न विचारला असता. तिनं खडू खाली ठेवला. म्हणाली, "दाखव बरं." सगळा वर्ग बाहेर पडला, पाठोपाठ समिती. पोरं लिंबाच्या झाडाच्या दोन्ही बाजूंची पानं बोटानं पुसून काळी बोटं एकमेकांना दाखवत होती, आणि अध्यक्ष चष्मा वर करून स्वतःचं बोट बघत होते. पोरगं खरं निघालं. तिनं आत येऊन फळ्यावरचा बाण पुसला आणि उलटा काढला. माझा ऊर भरून आला, आणि ते मी कुणापासून लपवलं नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणूनच पुढचं लिहिता येतंय. कार्यालयात सही करताना अध्यक्षांनी विचारलं, "मॅडम, ही कल्पना मूळची कुणाची?" तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. समोर सगळे डॉक्टरेटवाले, तुम्ही चौथीच्या वर्गातूनच निवृत्त झालेल्या, त्यांना काय कळणार, ही सबब मी नंतर शोधली. खरं एवढंच की त्या घडीला ते श्रेय मला कुणाशी वाटून घ्यायचं नव्हतं. मी म्हणाले, "माझी." आणि म्हणताना लई गोड वाटलं, बाई.