प्रागमधलं तुझं कालवण

प्रिय सुनंदा,

गुरुवारी संध्याकाळपर्यंत मला पुरवणीसाठी नाताळातल्या प्रागवर लेख द्यायचा आहे. सोबत फोटो. इतकी वर्षं पेपरात काढली, मजकूर कधी उशिरा दिला नाही. अंगात ताप असताना दिला, आई हॉस्पिटलमध्ये असताना बाहेरच्या बाकावर बसून दिला. आणि आता हा साधा प्रवासलेख सारखा सुरू करते आणि पुसते. कारण प्रत्येक परिच्छेदात तू येतेस. पुलावर येतेस, किल्ल्याच्या पायऱ्यांवर येतेस, जुन्या चौकातल्या घड्याळाखाली येऊन उभी राहतेस. म्हटलं, आधी तुलाच लिहून टाकावं. तू बाजूला झालीस तर लेख होईल.

आपण कधी भेटलो नाही. तू गेलीस तेव्हा मी बोरिवलीला एकटी राहत होते आणि विलास सावंत नावाचा माणूस मुलुंडला राहतो हे मला ठाऊकही नव्हतं. तरी अगं-तुगं करते आहे, रागावू नकोस. रोज सकाळी तुझ्या ओट्यावर चहा टाकणाऱ्या बाईने तुला 'अहो सुनंदाताई' म्हणायचं म्हणजे नाटकच की.

लग्न झालं तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. विलासच्या आत्याने पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन रीत सांगितली. नवी साडी आणली की आधी सुनंदाच्या फोटोपुढे ठेवायची, हळदकुंकू लावायचं, मग आपण नेसायची. पितृपक्षात अविधवा नवमीला तुझ्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची. मी सगळं केलं, दरवर्षी करते. मनापासून करते म्हटलंस तरी चालेल. मैत्रिणी म्हणतात, माधवी, तुला काहीच कसं वाटत नाही गं? मी सांगते, मेलेल्या बाईशी कसली स्पर्धा करायची!

हे मी मुलुंडमध्ये बसून म्हणत होते. प्रागला जाईपर्यंत.

प्राग हा गौरीचा बेत. तुझी लेक मला मावशी म्हणते आणि तिची माझ्यावर माया आहे, हे तुला एव्हाना कळलं असेल. जर्मनीत नोकरीला लागल्यापासून तिच्या मनात होतं, बाबा आणि मावशीला नाताळात कुठेतरी पाठवायचं. तिने तिकिटं काढली, राहायची जागा ठरवली आणि मग फोनवर आनंदाने सांगितलं, "बाबा, तेच अपार्टमेंट मिळालं. तुम्ही आणि आई राहिला होतात ते."

विलासचे डोळे भरून आले. मी म्हटलं, वा, छान झालं.

काय म्हणणार होते?

तुला काय सांगू त्या शहराबद्दल, तू तर माझ्या आधी पाहिलेलंस. थंडीने नाक लाल झालेली माणसं, हातात गरम वाइनचे कागदी पेले, चौकात झगमगणारं उंच झाड, पुलावर दोन्ही बाजूंनी उभे असलेले काळवंडलेले दगडी संत. मी काही बघायला थांबायचे आणि विलास सुरू व्हायचा. इथे सुनंदा बसली होती. इथे सुनंदाची टोपी उडाली. या दुकानातल्या म्हातारीशी सुनंदा अर्धा तास बोलली, हिला तिचं कळत नव्हतं, तिला हिचं, पण दोघी हसत होत्या. किल्ल्याच्या सगळ्या पायऱ्या सुनंदा न थांबता चढली.

मी ट्रामने गेले. गुडघे.

पुलावर त्याने माझा फोटो काढला. जरा डावीकडे हो, म्हणाला. अजून थोडी. मी सरकत गेले आणि एका संताच्या पायाशी आल्यावर त्याने 'हां' म्हटलं. मग मला आठवलं, ही जागा मी रोज बघते. आपल्या बेडरूममध्ये, फ्रेममध्ये. तू तिथेच उभी आहेस. त्याला बिचाऱ्याला कळलंही नसेल आपण काय करतोय ते. मी हसून फोटो काढू दिला आणि उरलेला दिवसभर त्या संताला शिव्या घातल्या.

हेवा म्हणतात तो हा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बातम्यांत हा शब्द लिहिला, त्याची चव आता कळली. नव्या शहरात आल्यासारखं मला एकदाही वाटलं नाही. तू नेसून, घडी करून ठेवलेलं शहर मला दिलं होतं.

आणि मग ते मासे.

नाताळाच्या आधी तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर पाण्याने भरलेले मोठे निळे टब मांडतात. त्यात जिवंत कार्प, आपल्या रोहूच्या जातकुळीतला मासा. लोक रांगा लावून घेतात, नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी तो तळतात. पहिला टब दिसला आणि विलास थांबला. काय आठवलं असेल ते तुला सांगायला नको. तो किस्सा मुलुंडच्या आपल्या सोसायटीत सगळ्यांना पाठ आहे. प्रागच्या ऐन थंडीत सुनंदाने असाच मासा आणला, बॅगेतून नेलेली तिरफळं आणि आमसुलं काढली आणि असं कालवण केलं की खालच्या मजल्यावरचा माणूस वास घेत वर आला. विलास हे सांगतो तेव्हा भाताचा घास बोटांत धरल्यासारखी त्याची बोटं जुळतात.

मी बार्शीची. आमच्याकडे मासा म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं चित्र. पन्नाशीनंतर मी मुलुंडच्या बाजारात कोळणींच्या शिव्या खात पापलेट-सुरमई ओळखायला शिकले. नारळ किती, तिरफळं केव्हा, सगळं आत्याला विचारून. विलास जेवताना म्हणतो, छान झालंय. दरवेळी. मीठ कमी पडलं तरी छान, रस्सा पाणचट झाला तरी छान. त्याने मला कधी एका शब्दाने बोल लावलेला नाही. मैत्रिणींना वाटतं मी नशीबवान. मलाही तसंच वाटायचं.

आता तुला सांगायला हरकत नाही, मीही बॅगेत तिरफळं नेली होती. आमसुलं आणि मालवणी मसालाही, मोज्यांमध्ये गुंडाळून. नाताळच्या आदल्या सकाळी विलास पांघरुणात असतानाच मी खाली उतरले आणि टबापाशी रांगेत उभी राहिले. तू केलंस ना? मग मीही करणार. त्याच ओट्यावर, त्याच भांड्यात. या खेपेला 'छान' नको होतं मला. त्याची बोटं तशी जुळलेली बघायची होती.

रबरी एप्रन घातलेल्या माणसाने जाळीने मासा उचलला, सुरा दाखवला आणि काहीतरी विचारलं. मी मान हलवली. आपण हलवतो तशी, दोन्ही खांद्यांकडे, म्हणजे हो बाबा, कर तुझ्या पद्धतीने. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तशीच हलवली, जरा जोरात. त्याने सुरा खाली ठेवला, पिशवीत पाणी भरलं, त्यात मासा सोडला आणि माझ्या हातात दिली. आपली मान तिथे 'नको' म्हणते, हे मला जिन्यात पिशवीने उडी मारली तेव्हा समजलं.

मासा बाथटबमध्ये सोडला. पाणी चालू केलं. सोफ्यावर जाऊन बसले आणि जिवंत मासा मारायचा कसा, याचा विचार करू लागले. तेवढ्यात विलास अंघोळीला गेला.

सुनंदा, तो ओरडला गं.

आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा ओरडला. आणि मालवणीत ओरडला, जी तो माझ्याशी कधी बोलत नाही. "तुका कोणी सांगलेला गो ह्यो जितो मासो घेवक? आता ह्येका न्हाणयेत ठेवन पूजा करूची काय?" मग अक्कल, वय, माझी पेपरातली हुशारी, सगळ्यांचा उद्धार झाला. मी थंड डोक्याची बाई म्हणून प्रसिद्ध आहे. पण मी उठले आणि त्याच्याहून वरच्या आवाजात म्हटलं, "सुनंदाने केलं की झकास, आणि मी आणलं की अक्कल नाही?"

"सुनंदाने नाय केल्यान!"

तो बोलून गेला आणि बाथटबच्या कडेवर बसला. मासा पाण्यात गोल फिरत होता.

मग त्याने सांगितलं ते तू जाणतेसच. मासा त्याने आणला होता, कापून, समुद्राचा मिळेना म्हणून. तू म्हणालीस, "मी हंय फिराक इलंय, रांधूक नाय." तो चिडला. तू त्याच्यापेक्षा जास्त चिडलीस, कोट चढवलास आणि निघून गेलीस. तो दिवसभर पाव आणि चीज खात बसला. अंधार पडल्यावर तू परत आलीस. कुठे होतीस विचारलं तर म्हणालीस, फिरत होते. एवढंच. विमानात बसेपर्यंत तुम्ही धड बोलला नाहीत आणि मुंबईला परतल्यावर लवकरच तुझे रिपोर्ट आले. मग त्या भांडणाचा विषय काढायची सोय राहिली नाही.

एकदा हॉस्पिटलमध्ये गौरीने विचारलं, प्रागला काय काय केलंत? तू बाजूला डोळे मिटून पडलेली. विलासच्या तोंडून निघून गेलं, आईने तिथे मासा करून घातला. तू डोळे उघडलेस आणि हसलीस. तेव्हापासून तो हेच सांगत आला.

का हसलीस गं? त्याला माफ केलंस, की त्याची मजा वाटली? की भांडायचं त्राण उरलं नव्हतं?

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. मालवणी माणूस गोड्या पाण्यातल्या माशाला नाक मुरडतो, मुलुंडच्या बाजारात रोहूपुढून विलास नाकाला रुमाल लावून जातो. त्या माशाच्या कालवणाचं इतकं कौतुक! जन्मभर लोकांच्या विधानांवर शंका घेत आले आणि घरातल्या किश्श्याला सोडून दिलं.

तुला वाटेल, कालवण झालंच नव्हतं हे कळल्यावर माझा हेवा निवला असेल. उलट झालं. कालवण मी कधी ना कधी शिकले असते. पण तू नवऱ्याला तोंडावर नाही म्हणालीस आणि कोट घालून निघून गेलीस, ते? मी या घरात आल्यापासून पाहुण्यासारखी वागते आहे. मी हसून फोटो काढू देते, तो हसून 'छान झालंय' म्हणतो. आमचा संसार म्हणजे दोन सभ्य माणसांनी एकमेकांना दिलेली जागा. त्याचं भांडणही तुझ्याच वाट्याला गेलं होतं.

मी कोट घातला. विलास म्हणाला, कुठे निघालीस? मी म्हटलं, फिरायला. तो म्हणाला, आणि माशाचं?

"तुझ्या देशाचा मासा आहे ना, तूच बघ," असं काहीतरी अर्थशून्य बोलून मी दार ओढून घेतलं.

दुपारपासून तिथे दुकानं बंद होत जातात. माणसं पिशव्या घेऊन घराकडे पळत होती. आधी मी तुलाच शोधत फिरले. तू या गल्लीत वळली असशील का? या कमानीखाली थांबली असशील का? त्या दिवसाचं विलासला काही माहीत नाही, गौरीला नाही. त्याचा एकही फोटो नाही. मग कधीतरी पाय दुखू लागले आणि मी शोधायचं विसरून गेले. नंबर न बघता एका ट्राममध्ये चढले. शेवटच्या थांब्याच्या आधी उतरले तर एक लहानसं चर्च, आत मुलं गाण्याची तयारी करत होती आणि त्यांची बाई सारखी थांबवून एकाच मुलाला रागावत होती. मी मागच्या बाकावर बसले. मग नदीकाठी. हंस इतके जवळ आले की मी घाबरले. इथे सुनंदा काय म्हणाली, हे सांगणारं शेजारी कुणी नव्हतं. मला ते शहर आवडलं, सुनंदा. फार आवडलं.

परतले तेव्हा दिवे लागले होते आणि घरभर तिरफळांचा वास होता. विलासने मासा खाली नेऊन खाणाखुणांनी कापून आणला होता, माझी बॅग उचकली होती आणि कालवण केलं होतं. जन्मात पहिल्यांदा. आम्ही जेवायला बसलो. माशाला चिखलाचा वास येत होता आणि रस्सा खारट.

"मीठ जास्त झालंय," मी म्हटलं.

"माका माहीत आसा," तो म्हणाला.

दोघांनीही ताटं बाजूला सारली आणि पाव खाल्ला.

आता ऐक. हेवा गेलेला नाही, जाणारही नाही बहुतेक. कुठे गेली होतीस तू त्या दिवशी? हे मला मरेपर्यंत छळणार. पण तुला एक शब्द देते. यापुढे विलास कुणासमोर त्या कालवणाचा किस्सा सुरू करेल तेव्हा मी गप्प राहून वाढत बसणार नाही. मध्येच सांगेन की त्या दिवशी सुनंदा चुलीपाशी नव्हती, ती प्रागभर फिरत होती, एकटी, आणि कुठे ते कुणालाही माहीत नाही. चिडला तर चिडू दे. मालवणीत चिडला तर फारच चांगलं.

तुझ्या घरातून,
माधवी