आत्याचा गोटा

गुरुवार, संध्याकाळ. सालमिया.

बाबा आज गावाहून इकडे आखातात परत आले. बॅगेतून आत्याचा गोटा काढून हातात दिला. मडकी भट्टीत जायच्या आधी ती याच दगडाने घोटते. मग शेणाने आग दाबायची, धूर आत कोंडायचा, की मडकी काळी कुळकुळीत.

"तिचे हात थरथरतात आता. तिने विचारलंय, शिकायला येतेस का?"

"सुट्टी कुठेय, बाबा?"

"तेच म्हटलं मी तिला. आमच्या लेखिकाबाईंची बोटं फक्त मोबाईलवर चालतात."

वाईट वाटायला हवं होतं ना? काहीच नाही. दगड नुसता थंडगार. मग अमेरिकेतल्या पुएब्लो जमातीच्या कुंभारणींचा व्हिडिओ लावला. तिथेही शेण, धूर, काळं मडकं, आजीचा दगड नातीकडे. नातीने नाही म्हटलं तर काय होतं, ते नाही दाखवलं. बंद केला.

गोट्याला अंगठ्याएवढा खळगा पडलाय. माझा अंगठा काही केल्या त्यात बसेना. मग आठवलं, आत्या डावरी. डाव्या हातात धरला. बसला.

आत्याला अजून फोन केलेला नाही. हे लिहितेय उजव्या हाताने. गोटा डाव्या हातात तसाच आहे, कोमट झालाय.