नॉनस्टिक तवे आणि वन्संचं राहतं घर

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, भांड्यांच्या दुकानातून निवृत्त झालेली विक्रेती, पूर्ण शुद्धीवर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. उलट गेल्या आठवड्यापासून मी इतकी आनंदात आहे की डॉक्टरांनी माझा रक्तदाब दोनदा मोजला. कारण वकीलबाईंनी सांगितलं की हे घर माझ्या पगारातून, माझ्या एकटीच्या नावावर घेतलेलं आहे, आणि ते मी हवं त्याला देऊ शकते. मी आपली समजत होते की घर आपोआप मुलाचंच होतं! यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलंच तर ते खोटं.

कलम एक, घर. माझ्या पश्चात माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं, हयात असेपर्यंत घर त्यांच्या ताब्यात राहील. त्यानंतर ते चिरंजीवांचं. तोवर ते विकता येणार नाही. चिरंजीवांनी वन्संची कुठेतरी 'चांगली सोय' बघून ठेवली आहे, असं त्यांनी जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. बाळा, मी काउंटरवर उभी असायची तेव्हा तुला भरवलं कोणी, न्हाऊ घातलं कोणी, ते जरा आठव. मला तुझा राग आला आहे आणि तो मी इथे रीतसर नोंदवते.

कलम दोन, तवे. माझे चांगले नॉनस्टिक तवे सूनबाईंना, पण अटींवर. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवून फोनवर बोलायला जायचं नाही. उलथनं लाकडी, स्पंज मऊ. तापलेला तवा नळाखाली धरायचा नाही. एकावर एक ठेवताना मध्ये फडकं घालायचं. लेप सुटायला लागला की सरळ टाकून द्यायचा, माया करायची ती माणसांवर. नवा घेताना रंगाला भुलू नकोस, हातात उचलून बघ. बूड जाड हवं आणि ओट्यावर ठेवल्यावर तवा डुगडुगता कामा नये.

कलम तीन, दुकानाचे मालक. 'जन्मभर टिकतो' असं गिऱ्हाइकाला सांगत नाही म्हणून ते मला सगळ्यांदेखत बोलले होते. त्यांना काही नाही.

कलम चार, चकचकीत तवा. दुकानातून मी पहिला नॉनस्टिक तवा आणला, त्यावर अंडं टाकलं आणि ते नुसतं घसरत गेलं. मी नाचायचीच बाकी होते. तवा ओट्यावर ठेवून कामाला गेले. वन्संना वाटलं, जळून काळा झालाय. तारेची घासणी घेऊन त्यांनी दुपारभर घासला. संध्याकाळी आरशासारखा लखलखीत तवा माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "दुकानवाल्यांनी तुला वापरलेला दिला होता गं. बघ, काढला सगळा काळा." मी अबोला धरला. पुढे मला टायफॉइड झाला तेव्हा त्याच तव्यावर चिकटलेलं अंडं खरवडून खरवडून वन्संनी मला भरवलं, आणि अबोला तिथेच संपला. हा तवा वन्संचा. खुशाल घासावा.

आज सह्यांच्या वेळी जे घडलं तेही वकीलबाईंच्या परवानगीने लिहिते. वन्सं चहा घेऊन आल्या, हात पुसले आणि पेन उचललं. म्हणाल्या, "साक्षीला मी. हिला माझ्याइतकं कोण ओळखतं?"

वकीलबाईंनी समजावलं की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये.

"मला काय मिळणार?" वन्संनी विचारलं.

"घर," मी म्हटलं. "तुम्ही आहात तोवर तुमचं."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि त्या आत गेल्या. मग पेटीची कडी वाजली. चिरंजीवांच्या जेवतानाच्या त्या बोलण्यानंतर त्यांनी आपले कपडे भरून ठेवले होते, हे मला तेव्हा कळलं. आता त्या एकेक कपडा परत कपाटात लावताहेत, आणि मी सही करते आहे.

सही : (मृत्युपत्र करणारी)
साक्षीदार : १. शेजारचे शिंपी २. समोरच्या दंतवैद्य बाई
स्थळ : माझं स्वयंपाकघर
दिनांक : १९ ऑगस्ट, सोमवार