कोऱ्या रकान्याचे गुण

वर्धा,
दि. १२ जुलै १९८४

प्रिय रूपराव,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी बाजूला ठेवशील आणि दुपारची शेवटची पंगत उठल्यावर फोडशील, असा माझा अंदाज आहे. तसंच कर, घाईत वाचण्याजोगं ते नाही. वर्धा ते हिंगणघाट म्हणजे एसटीनं दीड तास, पण सहा वर्षांत ना तू आलास, ना मी आलो. तुझं भोजनालय चांगलं चालतं हे येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कळत असतं. इकडे तुझ्या वहिनीचे गुडघे सोडले तर सगळं ठीक. मागच्या मोरीला नवी फरशी बसवली. उतार मी स्वतः लेव्हल लावून काढला, पाणी थेंबभर थांबत नाही.

आता मुख्य बातमी. मी विद्यापीठाचा परीक्षक झालो. हसू नको. इथल्या एका कॉलेजात हॉटेल आणि खानपान व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला आहे. त्याच्या प्रमुख शोभाबाई मार्च महिन्यात आपल्या भोजनालयात जेवायला आल्या आणि जेवण झाल्यावर माझ्यासमोर बसून म्हणाल्या, प्रात्यक्षिकाला बाहेरचा परीक्षक हवा, तुम्ही या. मी म्हटलं, बाई, मी मराठी सातवी. स्टेशनच्या उपाहारगृहात ताटं धुता धुता जे दिसलं तेवढंच माझं शिक्षण. त्या म्हणाल्या, शिकवणारे आमच्याकडे चार आहेत, चुकलेलं ज्याला दिसतं असा एकही नाही. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी नवा सदरा शिवायला टाकला.

परीक्षा एप्रिलअखेर झाली. दोन दिवस, चौदा मुलं-मुली. प्रत्येकानं आठ पाहुण्यांचं जेवण करायचं आणि वाढायचं: वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी, पाटवडीचा रस्सा, कढी. मला एक छापील तक्ता दिला होता. वर लिहिलं होतं की अभ्यासक्रम संपल्यावर विद्यार्थ्याला काय काय करता आलं पाहिजे. खाली चौदा नावं आणि सहा रकाने: स्वच्छता, पूर्वतयारी, चव, वाढणं, नासाडी, वेळ. सगळे मिळून शंभर गुण. शोभाबाईंनी सांगितलं, मुलांनी काय पाठ केलं ते लेखी पेपरात कळतं, त्यांना काय येतं ते तुम्ही बघायचं. हे मला पटलं. एका पोराला तवा किती अंशावर तापला की पोळी फुगते ते पाठ होतं, पण पोळी टाकताना त्याचं लक्ष माझ्याकडे होतं. दुसऱ्याचं वरण झकास, पण वाढताना अंगठा वाटीत. हात पुसायचं फडकं आणि ताट पुसायचं फडकं एकच असलेले पाच निघाले. मी ताटं उलटी करून बुडं बघत होतो तेव्हा एक मास्तर दुसऱ्याच्या कानात म्हणाला, "हा माणूस काय ताटाची जन्मपत्रिका पाहून राह्यला काय?" मला ऐकू आलं. ऐकू यावं म्हणूनच तो बोलला होता.

त्यात एक मुलगी होती, कांता. सिंदी रेल्वे गावची. तिचे वडील अण्णाजी शेतकरी आहेत. पोरगी रोज पॅसेंजरनं ये-जा करून शिकली. तिच्या ओट्याभोवती मी तीन फेऱ्या मारल्या. ऐन पोळ्यांच्या वेळी तिचा सिलिंडर संपला. मला वाटलं, आता गडबडते. पण तिनं सकाळीच सिलिंडर हलवून पाहिला होता आणि कोपऱ्यात शेगडी पेटवून ठेवली होती. पाहुण्यांमध्ये निवृत्त पोस्टमास्तर महादेवराव होते, तोंडात दात चारच. बाकीच्या सात जणांना तिनं दुसरी पोळी वाढली आणि यांना वाढली नाही. मी लगेच टिपायला पेन्सिल काढली. मग लक्षात आलं, ती त्यांच्या पहिल्या पोळीवर नजर ठेवून होती. ती संपल्यावर दुसरी गरम आणली आणि न विचारता रस्सा जरा जास्त वाढला, बुडवून खाता यावी म्हणून. रूपराव, हे कुठल्या पुस्तकात असेल असं मला वाटत नाही.

आता माझी पद्धत तुला सांगायला नको. स्वयंपाकघराच्या दाराशी आपला काळा फळा आहे. दुपारची पंगत उठली की ज्याची जी चूक झाली ती त्याच्या नावानं खडूनं लिहायची, आणि ज्याची झाली नाही त्याचं नावच लिहायचं नाही. पंचवीस वर्षं माझा हात असाच चालत आला. तक्ता समोर आला तेव्हाही तो तसाच चालला. अंगठेवाल्याच्या रकान्यांत जेवढे गुण कापायचे तेवढे आकडे भरले, एकूण अठ्ठावन्न. कोणाचे पंचवीस, कोणाचे अठरा. कांताची ओळ कोरी सोडली. जिथे खोट नाही तिथे लिहायचं काय? तक्ता पाकिटात घातला, लाखेचा शिक्का लावला, पाकीट परस्पर नागपूरला गेलं. नियमच तसा आहे, कॉलेजनं मध्ये बघायचं नाही.

निकाल अठरा जूनला लागला. वीस तारखेला कांता आणि अण्णाजी आपल्या भोजनालयात आले. अण्णाजी दाराशीच उभे राहिले, टोपी हातात. मला वाटलं पेढे द्यायला आले. पोरगी पुढे आली आणि म्हणाली, "दादा, माह्यं काय चुकलं ते सांगून द्या. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा आहे, सुधारून घेईन." मी म्हटलं, तुझं काही चुकलं नाही. मग अगदी हळू म्हणाली, "मंग शून्य काऊन देल्लं?"

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलनं तिला स्वयंपाकघरात जागा देऊ केली होती. दहा जुलैच्या आत उत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका दाखवायची, नाहीतर जागा दुसऱ्याची. अण्णाजी एवढंच म्हणाले, "पोरीले शिकवलं म्हणून गावात लोकं हसून राह्यले होते. आता त्याइचंच खरं झालं म्हणाचं."

दुसऱ्या दिवशी शोभाबाई आल्या. चौदापैकी अकरा नापास. पास झाले ते तिघं, ज्यांच्या मी सगळ्यात जास्त चुका काढल्या होत्या ते. अंगठेवाला पहिला आला होता. त्या बोलत होत्या आणि मी, तुला माझा स्वभाव माहीत आहे, भांडत होतो. तक्ता चुकीचा आहे, आकडे मिळालेल्या गुणांचे भरायचे की कापलेल्या, हे कुठेच लिहिलं नाही, असं मी अर्धा तास ठणकावून सांगितलं. त्यांनी पिशवीतून कोरा तक्ता काढला आणि पालथा ठेवला. मागच्या बाजूला सूचना छापलेल्या होत्या. पहिलीच सूचना: परीक्षकाने प्रत्येक रकान्यात विद्यार्थ्याला दिलेले गुण लिहावेत. मी ताट उलटं करून बघणारा माणूस, तो कागद काही उलटून बघितला नव्हता.

शोभाबाईंचं म्हणणं, निकाल बदलायचा तर चूक माझी असल्याचं मी स्वतःच्या हातानं लिहून द्यायला हवं. त्या रात्री जेवण गेलं नाही. आपल्याला शिकलेल्यांच्या खुर्चीवर बसवलं, आणि आता शिकलेलेच म्हणणार की सातवीवाल्याला बसवाल तर असंच होणार. पण कांताची ती कोरी ओळ डोळ्यापुढून जाईना. सकाळच्या पॅसेंजरनं नागपूर गाठलं.

परीक्षा विभागात प्रभाकरराव नावाचे मुख्य कारकून होते. माझा अर्ज त्यांनी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्यानं, म्हणजे आजूबाजूच्या टेबलांनाही कळावं. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे परीक्षकच नापास झाले म्हणा की." मी म्हटलं, हो. त्यांनी तक्ता काढला. चौदा ओळी, सहा रकाने, चौऱ्याऐंशी घरं. प्रत्येक घरात, आकडा असेल तर तो खोडून, बरोबर आकडा लिहून सही. मी उभ्यानंच केलं, खुर्ची दिली होती तरी. अंगठेवाल्याचे बेचाळीस झाले, तोही सुटला. चौदाच्या चौदा पास. कांताच्या ओळीशी आलो तेव्हा प्रभाकररावांनी हात धरला. प्रात्यक्षिकाला शंभरपैकी शंभर कोणी देत नाही, वर प्रश्न येतात, पंच्याण्णव करा, तुमचंही काम सोपं होईल. मी म्हटलं, पाच कापतो, पण कशाचे ते तुम्ही सांगा. ते बराच वेळ कारणं सुचवत होते. शेवटी त्यांनीच हात सोडला.

सात जुलैला गुणपत्रिका आली. नऊ तारखेला कांता नागपूरला कामावर रुजू झाली. काल अण्णाजी येऊन सांगून गेले आणि जेवून गेले. पोटभर जेवले, मी बघत होतो. तीन आठवड्यांनी काल मला गाढ झोप लागली. चूक कबूल केल्यानं माणूस लहान होतो असं मी समजत होतो. मला तर खांद्यावरचं पोतं उतरवून ठेवल्यासारखं झालं.

पण पोरीचा तो प्रश्न काही कानातून गेला नाही, आणि हळूहळू त्याला तुझा आवाज येऊ लागला. अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीआधीची दुपार तुला आठवते का, मला माहीत नाही. तू कढी केली होतीस आणि मला विचारलं होतंस, "दादा, आजचं कसं जमलं?" मी फळ्याकडे बोट दाखवलं आणि निघून गेलो. फळ्यावर तुझं नाव नव्हतं. त्याआधी दोन वर्षं नव्हतं. माझ्या लेखी याच्यापेक्षा मोठी शाबासकी नव्हती. महिन्याभरात तू सोडून गेलास. लोकांना मी सांगितलं, जास्त पगार मिळाला म्हणून गेला. तुझी वहिनी तेव्हाच म्हणाली होती, "त्याले तोंडानं सांगा ना काही. कोऱ्या फळ्यानं कोणाचं पोट भरते?" मी तिला गप्प बसवलं. तुला वाटलं असणार, दादाचं आपल्याकडे लक्षच उरलं नाही. प्रभाकररावांच्या टेबलाशी उभा राहून चौऱ्याऐंशी सह्या करताना मला कळलं की कोरी जागा वाचणाऱ्याला शून्यच दिसते. तिथे कारकून होता, इथे तू होतास.

हे सगळं आज लिहायचं कारण आता सांगतो. पुढच्या वर्षी विद्यार्थी वाढणार, म्हणून विद्यापीठाला दोन परीक्षक हवेत. मला पुन्हा बोलावलं आहे, याचं मलाच नवल. दुसऱ्याचं नाव शोभाबाईंनी मला सुचवायला सांगितलं. मी तुला न विचारता तुझं नाव दिलं. अर्जात 'शिफारशीचे कारण' म्हणून चार ओळींची जागा होती, ती पुरली नाही म्हणून वेगळा कागद जोडला. त्यात लिहिलं की या माणसानं अकरा वर्षं माझ्यासोबत काम केलं. शेवटच्या दोन वर्षांत मी रोज शोधूनही मला त्याच्या कामात खोट सापडली नाही. चव तो माझ्याआधी ओळखतो. लग्नाच्या तीनशे पानांच्या पंगतीत कोणाला मीठ कमी लागतं हे त्यानं लक्षात ठेवलेलं मी पाहिलं आहे. माझ्याकडे त्याच्यासारखा दुसरा आला नाही. शोभाबाईंनी कागद वाचून घडी घातली आणि विचारलं, हे सगळं रूपरावांना माहीत आहे का? मला नाही म्हणावं लागलं. त्या म्हणाल्या, विद्यापीठाचं पत्र पंधरा दिवसांत त्यांच्याकडे पोचेल. मी म्हटलं, त्याच्या आधी माझं पोचलं पाहिजे.

तुझाच,
डोमाजी