आईने फेब्रुवारीतच पेरलं

कुंगूर, २६ मार्च १९८७

प्रिय रोद्या,

अनेक आशीर्वाद. वालेरिया आणि मुलं मजेत असतील. तुमच्याकडे दक्षिणेत एव्हाना झाडं फुलली असतील, इथे अजून गुडघाभर बर्फ आहे. माझे गुडघे दुखतात, पण ते रोजचंच.

काल मळ्यावर जाऊन आले. वाफ्यांवरच्या बर्फावर चुलीतली राख पसरली, म्हणजे तो लवकर वितळेल. काचघरातली माती भिजावी म्हणून बाहेरचा बर्फ फावड्याने आत टाकला. हे काम बाबांचं. माझ्या कंबरेचा पार काटा ढिला झाला.

यंदाच्या रोपांचं काही खरं नाही. आपल्याकडे टोमॅटो मार्चच्या मध्याला पेरायचा आणि जूनमध्ये जमिनीत लावायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आईने दोन फेब्रुवारीलाच पेरला. मी कारखान्यात असताना, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी चाचपडत, पुड्यांमधलं सगळं बी संपवलं. आजीपासून जपलेलं ते गुलाबी टोमॅटोचं बीसुद्धा. एक दाणा मागे ठेवला नाही. आता खिडकीत हातभर लांब, पांढुरकी रोपं लोळताहेत. विणायच्या सुया रोवून मी ती बांधलीत. खालची कपितोलिना विचारते, हे टोमॅटो आहेत की पडदे? जूनपर्यंत यातलं एकही जगणार नाही.

मी आईवर फार ओरडले. मेलं, साठ वर्षं पेरतेयस आणि आता हे काय, असं नको ते बोलले. ती शांतपणे म्हणाली, "अगं, रोद्याची सुट्टी मे महिन्यातली. रोपं लहान दिसली तर तो जूनपर्यंत कशाला थांबेल? मोठी असली तर लावूनच जाईल."

तू म्हणशील, मी कधी म्हटलं येतो म्हणून? तू नाही म्हटलंस. मी म्हटलं.

बाबांना पुरून आलो त्याच दिवशी तू मळा विकायचं काढलंस. आई म्हणाली, माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. तू ते अक्षरशः पाळलंस. पाच वर्षं झाली, रोद्या. रागात बोललेलं इतकं मनावर घ्यायचं असतं का? तिची नजर गेल्यापासून टपाल मीच वाचून दाखवते. पोस्टमनची चाहूल लागली की रोज विचारायची, त्याचं आहे का? मला ते बघवेना. दोन वर्षांपूर्वी एकदा पाणी बंद राहणार असल्याची नोटीस आली होती. ती हातात धरून मी तुझं पत्र वाचलं.

मग दर महिन्याला वाचू लागले. तुला बढती दिली, धाकट्याला गालगुंड आणलं आणि बरंही केलं. आई ते सगळं कपितोलिनाला सांगायची. जानेवारीत तिने विचारलं, त्याचा राग अजून गेला नसेल का गं? तेव्हा माझा तोल गेला. पुढच्या पत्रात मी वाचलं, "आई, मे महिन्यात येतो, वाफे मीच खोदीन." तिने ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा माझे शब्द चुकले, तर तिने सुधारले.

डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय. हा उन्हाळा काढेल, पुढचा धरू नका. तिला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा ये. आठच दिवस ये. काय खोदायचं ते खोद, नाहीतर नुसता बस तिच्याजवळ. मला हवं तितकं बोल, खोटारडी म्हण, मी आहेच. रोपांचं मी बघते. कपितोलिनाकडून चार चांगली रोपं आणून तुझ्या हातात देईन, आईला कुठे दिसणार आहे.

आणि यायचं नसेल तर तसं तू लिही, तुझ्या अक्षरात. मी ते आहे तसं वाचून दाखवीन. दोन वर्षं तुझ्या नावाने हवं ते वाचलं, पण "येत नाही" हे वाक्य मला रचता येणार नाही.

आईने तुला आशीर्वाद सांगितलेत. हे मी रचलेलं नाही.

तुझी ताई,
अग्निया