दहा दिवस एक अक्षर नाही

सोमवार, ४ मार्च

गेला! आवाज गेला. सकाळी "हॅलो, आपल्या मशीनला काय त्रास—" एवढं म्हटलं आणि पुढे नुसता फुसका वारा. नऊ वर्षं वॉशिंग मशीनच्या तक्रारी घेतेय, दिवसाला नव्वद फोन. आणखी काय होणार!

घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी. "दहा दिवस एक अक्षर नाही. कुजबुजसुद्धा नाही. गाठी बसल्या नाहीत तर कापाव्या लागतील. मग आवाजाची खात्री नाही."

आवाज नाही तर नोकरी नाही. आता बोलायचं ते या वहीशीच.

मंगळवार, ५ मार्च

घरच्यांना ऊत आलाय. हे म्हणाले, "लग्नानंतर पहिल्यांदा माझं बोलणं शेवटपर्यंत गेलं!" सासूबाई हसून हसून लोळायच्या बाकी. पाटीवर लिहून दाखवलं — दहाच दिवस आहेत, लक्षात ठेवा.

बुधवार, ६ मार्च

चहा गरम प्यायले. गरम! एरवी कानाला हेडफोन आणि कपात साय.

दोन्ही हातांत कप धरून खिडकीत बसले. समोरच्या गच्चीवर एक बाई चादरी झटकत होती. आधी चादर उडते, आवाज मागून येतो — फाट्! इतकी वर्षं ही गच्ची समोर आहे, मला पत्ता नाही. तिच्या सगळ्या चादरी संपेपर्यंत वेड्यासारखी हसत बसले.

गुरुवार, ७ मार्च

ठकी शाळेतून आली. सात वर्षांची माझी लेक. बोलताना अडखळते, पहिल्याच अक्षरात गाडी रुतते. "आई, आज म्... म्... म्..."

सवयीनं माझं तोंड उघडलं. शब्द मीच पुरवते ना! मधली सुट्टी? मैत्रीण? मार बसला? तिनं नुसती मान हलवायची. ऑफिसात साहेबांचं एकच टुमणं — "तीन मिनिटांत फोन मिटला पाहिजे." म्हणून गिऱ्हाइकांची वाक्यंही मीच संपवते. तेच घरी.

आज संपवता येईना. थांबले. तिचे कान लाल झाले. मी थांबलेच.

"म्... मुंगी!"

मुंगी! मला सात जन्मांत सुचलं नसतं.

शनिवार, ९ मार्च

मुंगीची गोष्ट काल अर्धा तास चालली, आज पाऊण. ती ठकीच्या बाकावर येते. रांग सोडून एकटीच चालते. मैत्रीण म्हणाली, वाट चुकली असेल. ठकी म्हणे, "च्... चुकली नाही काही! ती फ्... फिरायला निघालीय."

सासूबाई मटार सोलता सोलता थांबल्या. "अगं बाई, ही एवढं बोलते?"

मी तोंड फिरवून डोळे पुसले. सात वर्षं मी हिचं ऐकलंच नाही. उरकलं.

रविवार, १० मार्च

आज ठकीच्या बापानंही तिच्या बोलण्यात मध्ये शब्द घातला नाही. मी चिमटा काढला म्हणून!

सोमवार, ११ मार्च

दवाखान्यात जाऊन आले. परतताना बस सोडून चालत आले. ऊन छान होतं. भाजीवालीला खुणेनं लिंबं मागितली तर ती गल्ली दणाणेल अशी ओरडली, "किती हवीत, ताई?" मुक्या माणसाला लोक बहिरं का समजतात कोण जाणे! वर दोन लिंबं जास्त घातली तिनं.

साहेबांचा मेसेज — कधी येताय? उत्तर दिलेलं नाही.

बुधवार, १३ मार्च

शाळेतल्या बाईंनी ठकीच्या वहीत लिहून पाठवलंय — "आज तुमच्या मुलीनं पहिल्यांदा आपणहून हात वर केला. उत्तराला वेळ लागला. वर्ग गप्प बसून राहिला. उत्तर बरोबर आलं."

सासूबाईंनी ते ह्यांच्याकडून चार वेळा वाचून घेतलं. चष्मा नाही म्हणे! होता की, डोक्यावरच.

गुरुवार, १४ मार्च

आता लिहूनच टाकते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, या वहीलाही नाही. सोमवारीच डॉक्टर म्हणाले होते — "गाठी बसल्या. बोला आता खुशाल."

साहेबांना कळवलंय, येत्या सोमवारी येते. घरी अजून नाही.

ठकीचं सांगून व्हायचंय.