ताईसमोर न ओढलेली बिडी

दुसरबीड, मंगळवार

तीर्थस्वरूप विमलताईच्या चरणी धाकट्या हिंमतचा दंडवत. गुडघे काय म्हणतात? देऊळगावच्या बालाजीच्या पायऱ्या अजून चढतेस का? इकडे तुझी भावजय पुष्पांजली, गाय आणि मी असे तिघेही मजेत आहोत. (हे पत्र एका डोळ्यावर रुमाल बांधून लिहितो आहे, ओळ वाकडी गेली तर सांभाळून घे.)

गेल्या आठवड्यात तू मला डॉक्टरकडे नेलंस, त्यानंतरची हकीकत ऐक. थायरॉईडने माझे डोळे बाहेर आलेत हे तुला ठाऊक. गावाला वाटतं हिंमतराव कायम संतापलेला आहे. ग्रामसभेत मी पुढच्या रांगेत नुसता बसलो होतो (पापण्या पुरत्या मिटत नाहीत, त्याला मी काय करू), तर ग्रामसेवक भाषण मध्येच थांबवून म्हणाले, "हिंमतभाऊ, असं पाहू नका ना, उद्याच नळ दुरुस्त करून देतो." आणि दिला की! सात महिने कोरडा होता. आता शेजारचे रज्जाकभाई मला रस्त्यासाठी पंचायत समितीत न्यायचं म्हणतात. "तुमी बोलू नका भाऊ, फक्त बसा," एवढीच त्यांची अट. पुंजाजीच्या मुलीच्या लग्नात मात्र फजिती झाली. हल्ली मला एकाचे दोन दिसतात, तसे नवरदेवही दोन दिसले. पक्षपात नको म्हणून अक्षता मधोमध टाकल्या, त्या जांभई देणाऱ्या मामाच्या तोंडात गेल्या. सगळा मांडव हसला, मी सर्वांत जास्त.

एक गोष्ट मात्र मनाला खाते. डॉक्टर म्हणाले, हा आजार बायकांना जास्त होतो, पण पुरुषाला, त्यातून पन्नाशी उलटलेल्याला झाला की जोर करतो. गोळ्या चुकवता का, विचारलं. नाही म्हटलं, ते खरं. मग बिडी ओढता का, विचारलं. शेजारी तू बसलेली. आईमागे तू मला वाढवलंस. तुझ्यासमोर बिडीचं नाव कधी काढलं नाही, ते तिथे कसं काढू? "छे," म्हटलं. ते म्हणाले, बरं आहे, बिडी ओढणाऱ्याचे डोळे फार बिघडतात, औषधही नीट लागू पडत नाही, नजर जायचीही भीती असते. मग आपण बाहेर आलो, तू चष्मा विसरला म्हणून पुन्हा आत गेलीस, आणि मी भिंतीआड जाऊन... असो.

दाजींना नमस्कार.
तुझा हिंमत

ता. क. ताई, मी ओढतो. तेवीस वर्षं, रोज एक बंडल. डोळे जातील याची भीती वाटते, आणि तुझ्या तोंडावर सांगायची त्याहून जास्त. डॉक्टरांना तेवढं तूच सांग. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी पुष्पांजलीकडून डॉक्टरांचा कागद वाचून घेतला. खाली लिहिलंय, 'बिडी आजपासून कायमची बंद. बहिणीने सांगितले.' बंडल चुलीत गेलं, पुष्पांजलीचं हसू काही थांबत नाही. आता आठवतंय, चष्मा आणायला तू आत गेलीस तेव्हा तो तुझ्या नाकावरच होता. आणि मला तर दोन-दोन दिसत होते!